ओली बाळंतीण आणि दूरची वाट

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, आणि तिच्या उत्तरेस, घनसावंगी तालुक्याच्या काळ्या जमिनीत, कुंभार पिंपळगाव हे बाजाराचे गाव वसलेले आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब येथून जवळच. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या मुलखातून गेला तेव्हापासून त्याच्या आधाराने येथे उसाचे फड उभे राहिले. आणि ज्यांच्या शिवारापर्यंत ते पाणी पोचले नाही, त्या कोरडवाहू वाड्यांतील आणि तांड्यांतील माणसे दुसऱ्यांचा ऊस तोडण्यासाठी दरसाल घर सोडू लागली. दसरा-दिवाळीच्या सुमारास या रस्त्यांवर म्हणून दोन प्रकारच्या लेकुरवाळ्या प्रवासाला निघालेल्या दिसतात. एक असते ती माहेरी बाळंत होऊन, ओटी भरून घेऊन, बाळंतविड्याच्या गाठोड्यासह सासरी परतणारी. दुसरी असते ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पीठमीठ, भांडीकुंडी, शेळी आणि कोयते यांच्यामध्ये तान्ह्याला पदराखाली घेऊन बसलेली, साताऱ्या-सांगलीकडे, कोल्हापुराकडे किंवा सीमेपलीकडे बेळगावाकडे जाणारी. दोघींच्याही प्रवासाचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो, आणि बहुधा तो त्या दोघींनी घेतलेला नसतो.

एवढ्या लहान बाळाला घेऊन निघावे की न निघावे, हा प्रश्न घरोघर विचारला जातो तेव्हा त्याचे उत्तर सामान्यतः अंतरावरून दिले जाते. जालना जवळ आहे, तेव्हा हरकत नाही. पुणे लांब आहे, तेव्हा महिनाभर थांबावे. आणि त्याहून लांब जायचे असेल तर देवावर हवाला ठेवावा, अशी ही हिशोबाची रीत आहे. हे माप मला अपुरे वाटते. जन्मापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांच्या बाळाला वैद्यकशास्त्र नवजात म्हणते, आणि या अवधीत त्याला धोका पोचतो तो रस्त्याच्या लांबीमुळे क्वचितच. ऊब तुटल्यामुळे, दूध तुटल्यामुळे, आणि त्याच्या प्रकृतीवर नजर ठेवणारे जाणते माणूस मागे राहिल्यामुळे तो पोचतो. वाटेत या तीन गोष्टी किती वेळ खंडित होणार, आणि वाट संपेल तेथे त्या पुन्हा मिळणार की नाही, हे आधी विचारले पाहिजे. किती कोस जायचे आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

नवजात बालकाचे शरीर म्हणजे प्रौढ शरीराची लहान प्रतिकृती नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा विस्तार मोठा, त्वचेखालची चरबी थोडी, आणि कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची शक्ती त्याला अजून आलेली नसते; त्यामुळे मोठ्या माणसाला जो वारा नुसता सुखद वाटतो, त्याच वाऱ्यात या जिवाचे अंग झपाट्याने निवते. त्याच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान राहावे लागते. ते खाली उतरले म्हणजे बाळ सुस्तावते; सुस्तावले म्हणजे दूध ओढीत नाही; दूध पोटात गेले नाही म्हणजे रक्तातील साखर उतरते; आणि साखर उतरली म्हणजे त्याची सुस्ती अधिकच वाढते. पाहणाऱ्याला मात्र, बाळ गाढ झोपले आहे, प्रवासात काही त्रास दिला नाही, असेच वाटत राहते. उलटपक्षी वैशाखाच्या दिवसांत, बंद मोटारीत, वारा लागू नये म्हणून तीन-तीन दुपट्यांत लपेटलेल्या बाळाचे अंग तापते, आणि हा ताप उन्हाचा की रोगाचा हे घरच्यांना उमगत नाही. अशा वेळी दुपटी सैल करून, सावलीत नेऊन, आईने दूध पाजून पाहावे. तरीही अंग ३८ अंशांवर राहिले तर ते दुखणे आहे असे धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नवजात बाळाचा ताप दुसऱ्या दिवसावर टाकण्याची मुभा कोणालाही नाही.

पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन थोडे घटते, दहाव्या हिश्शापर्यंत घटले तरी ते साधारणतः स्वाभाविक मानतात, आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ते भरून येते. कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत चढते. नाळ आठवड्या-दोन आठवड्यांत वाळून गळते, आणि तोवर तेथे हळद, राख, तेल यांपैकी काहीही न लावता ती कोरडी ठेवावयाची असते. या सर्व घडामोडी एकाच पंधरवड्यात घडत असल्यामुळे त्या पंधरवड्यात बाळ अशा ठिकाणी असावे की जेथे वजनाचा काटा आहे आणि तो वाचणारी परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती आहे. जन्मतः अडीच किलोंहून कमी भरलेले, किंवा सदतिसावा आठवडा पुरा होण्यापूर्वी जन्मलेले बाळ असेल, तर हा पंधरवडा पुरत नाही. अशा बाळाचा प्रवास वैद्याच्या स्पष्ट संमतीवाचून करूच नये.

दुधाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. प्रवासाचे वेळापत्रक या घड्याळावर बसवावे लागते. प्रत्यक्षात घडते ते निराळेच: भरलेल्या मोटारीत, अनोळखी पुरुषांच्या समोर, पदर सावरीत दूध पाजण्याचा संकोच इतका दाटतो, की आई बाळाला थोपटीत, 'पोचलो की पाजते' असे स्वतःला समजावीत चार-पाच तास काढते, आणि मग कोणीतरी वडीलधारे माणूस बाटलीतले पाणी चमच्याने बाळाच्या ओठांना लावते. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधावाचून बाळाला कशाचीही, उन्हाळ्यात पाण्याचीसुद्धा, गरज नसते; आणि वाटेतले पाणी तर त्याच्या आतड्यांना विषासमान ठरू शकते. राज्य परिवहन महामंडळाने आपल्या बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष ठेवले आहेत. तान्ह्याच्या ओढीने रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचे नाव त्यांना देण्यात औचित्य आहे. पण त्या कक्षाचे कुलूप उघडे असणे, आत बसायला जागा आणि दाराला कडी असणे, या गोष्टी त्या नावाहून अधिक मोलाच्या आहेत. ज्या स्थानकावर त्या नसतील तेथे आगारप्रमुखाकडे लेखी तक्रार करण्यास कोणाही प्रवाशाने संकोच करू नये.

आपल्या वडीलधाऱ्यांनी या सर्व प्रश्नांना एकच उत्तर ठरवून ठेवले होते: सव्वा महिना. पाचवीला सटवाईचे पूजन, बाराव्या दिवशी बारसे, आणि सव्वा महिना पुरा होईतो बाळबाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये, अशी ही वहिवाट आहे. तिच्यामागे विटाळाची कल्पना होती, अंधारी खोली होती, बंद दाराआड धुमसणारी शेगडी होती. आणि त्या धुराने बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांचे जे नुकसान झाले असेल त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु या वहिवाटीतून विटाळ आणि धूर वजा केला, तर जे उरते ते विलक्षण शहाणपणाचे आहे. बाळंतिणीला कामाला लावू नये, तिला ऊन-ऊन खाऊ घालावे, बाळाला पाहण्यासाठी गावगर्दी जमवू नये, आणि दोघांना एका ठिकाणी, ओळखीच्या माणसांत ठेवावे. आधुनिक प्रसूतिशास्त्रही प्रसूतीनंतरचे सहा आठवडे शरीर पूर्वस्थितीवर येण्याचा काळ मानते. जागतिक आरोग्य संघटना सहाव्या आठवड्यात मातेची तपासणी सांगते. आणि नवजात बाळासाठीच्या आशाताईंच्या गृहभेटींपैकी शेवटची भेटही बेचाळिसाव्या दिवशीच येते. आजीबाईंचा सव्वा महिना आणि शासनाचे बेचाळीस दिवस असे जवळजवळ एकाच जागी येऊन थांबतात. म्हणून ज्यांना थांबण्याची सोय आहे त्यांनी थांबावे, हे माझे साधे आणि स्पष्ट मत आहे.

आशाताईंच्या या गृहभेटींचा इतिहास महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा आहे, आणि तो आपल्या विषयाशी अगदी निकटचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था स्थापन केली. १९९५-९६ मध्ये तेथील खेड्यांतून ७६३ नवजात बालकांचे त्यांच्या घरीच जाऊन निरीक्षण करण्यात आले, तेव्हा असे आढळले, की निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय उपचाराची गरज निर्माण झाली होती, आणि ज्यांना तो प्रत्यक्ष मिळाला त्यांचे प्रमाण शेकडा तिनांहूनही कमी होते. दवाखाना दूर, वाट जंगलाची, आणि इतक्या लहान बाळाला घराबाहेर काढावयाचे नाही असा रिवाज. या तिहेरी अडसरामुळे आजारी बाळाचा प्रवास होतच नसे. बंग दांपत्याने तो अडसर वेगळ्याच बाजूने ओलांडला. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. बाळाचा श्वास मोजणे, वजन करणे, ऊब राखणे, रोगसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देणे या गोष्टी त्यांच्या हाती दिल्या. आणि उपचारच बाळाच्या पाळण्यापर्यंत नेला. ज्या ३९ गावांत हे काम चालले तेथे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून केंद्र शासनाने हीच पद्धती देशभर स्वीकारली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे ११ नवजात बालके दगावत होती, देशाचे प्रमाण तेव्हा २० होते. या फरकाला जी अनेक कारणे असतील त्यांत दारी येणाऱ्या या बाईचा वाटा मोठा आहे असे मी मानतो.

आता याच गृहभेटींकडे प्रवासाच्या दृष्टीने पाहावे. जे बाळ सातव्या दिवशी गाव सोडते, त्याच्या चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची भेट हुकते. येथल्या आशाताईंच्या वहीत ते 'स्थलांतरित' होते, आणि ते जेथे जाते तेथल्या वहीत त्याचे नाव चढतच नाही. प्रवास करणाऱ्या नवजात बाळाचा खरा धोका या दोन वह्यांमधल्या रिकाम्या जागेत आहे.

नेहमीच्या प्रवासांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. बाळाचा पहिला प्रवास रुग्णालयातून घरापर्यंतचा. कुंभार पिंपळगावाकडील पुष्कळ स्त्रियांची अडचणीची बाळंतपणे जालन्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, आणि त्याहून गंभीर असल्यास छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात होतात. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयातून माता आणि बाळ यांना घरी पोचविण्याची गाडी विनामूल्य मिळते; हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, आणि तो मागून घ्यावा. असे असता पुष्कळ बाळे मोटारसायकलवरून, चालविणारा बाप आणि मागे बसलेली ओली बाळंतीण यांच्या मध्ये, घरी येतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने चार वर्षांखालील मुलासाठी चालकाशी जोडलेला सुरक्षा-पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलासाठी शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरांची वेगमर्यादा घालून दिली आहे. ज्याची मान अजून धरलेली नाही त्या बाळाला ना पट्टा बसत ना शिरस्त्राण. तेव्हा दुचाकी हे नवजात बाळाचे वाहनच नव्हे. मोटारीत पुढच्या आसनावर बाळाला मांडीवर घेऊन बसण्याची हौसही टाळावी, कारण एका जोराच्या गचक्यात कोणाच्याही हातांची पकड सुटते.

माहेराहून सासरी पाठवणी करताना घाई असते ती बहुधा सासरच्या मंडळींच्या हौसेची. पुण्याला वा मुंबईला नोकरी करणारा जावई 'आता घेऊन येतो' म्हणतो, आणि माहेरच्यांना नाही म्हणणे जड जाते. येथे सव्वा महिन्याची ढाल पुढे करावी. तिचा मान अजून आहे. त्यानंतर परतूर किंवा रांजणीहून आगगाडीने, खालच्या बाकावर, दारापासून आणि शौचकुपापासून दूर बसून केलेला दिवसाचा प्रवास सर्वांत सोयीचा, कारण गाडीत बाळाला आडवे ठेवता येते आणि आईला उठून फिरता येते. हे फिरणे तिच्यासाठीही आवश्यक आहे: प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढलेला असतो, आणि तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसण्याने तो अधिक वाढतो. विमान कंपन्या आपापल्या नियमाप्रमाणे जन्मानंतरचे पहिले काही दिवस बाळाला स्वीकारीत नाहीत किंवा वैद्याचा दाखला मागतात. विमान उतरताना बाळाला अंगावर घेतले म्हणजे कानांचा ठणका कमी होतो. परदेशी वसलेल्या मराठी कुटुंबांनी तर रिवाजच उलटा केला आहे. तेथे लेक माहेरी येत नाही, तिची आई डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतकाढे बरोबर घेऊन न्यू जर्सीला किंवा लंडनला जाते. बाळाला हलविण्यापेक्षा आजीला हलवावे, हा विचार मला सर्वथा योग्य वाटतो, आणि परभणी-पुणे एवढ्या अंतरासाठीही तो करून पाहण्याजोगा आहे.

काही प्रवास थांबू शकतात आणि काही थांबू शकत नाहीत. अंबडच्या मत्स्योदरीचे दर्शन, तुळजापूरचा नवस, जावळ, नात्यातले लग्न ही सगळी थांबतात. देव आणि आप्त दोघेही तान्ह्या बाळाची गैरहजेरी माफ करतात. परंतु बाळ दूध ओढीनासे झाले, मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास घेऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, अंग गार पडले वा तापले, हलविल्याशिवाय हालचाल करीनासे झाले, किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळे दिसू लागले, तर सव्वा महिन्याचा विचार मनातही आणू नये. त्या क्षणी निघावे. १०८ ही रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात विनामूल्य धावते आहे. ती येईतो आणि आल्यावरही, बाळाला दुपट्यांत गुंडाळून कडेला ठेवण्यापेक्षा आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पदर आणि चादर घेऊन धरावे. ही रीत कोलंबियातील बोगोटा शहरात, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा, १९७८-७९ च्या सुमारास रूढ झाली आणि आता जगभर मान्य आहे. आईचे शरीर बाळाला हवी तेवढीच ऊब, हवा तेवढा वेळ देते.

येथवर ज्यांचा विचार केला त्यांना निवड आहे. आता त्या ट्रॉलीतल्या बाईकडे वळावयाचे, जिच्याविषयी लिहिताना 'प्रवास करावा की नाही' हे शब्द क्षणभर अपुरे वाटू लागतात.

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा आणि बायको मिळून एक कोयता. टोळी जमवणारा मुकादम पावसाळ्यातच त्या कोयत्याच्या नावाने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती आता पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाते, आणि ती बहुधा मागचे देणे, लग्न किंवा दुखणे यांत खर्च होऊन गेलेली असते. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपयांवर गेला. परंतु दर कितीही असो, ज्या दिवशी कोयता चालत नाही त्या दिवशी कमाई नाही, वर खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीचा, भुर्दंड. ज्या बाईचे दिवस आश्विन-कार्तिकात भरतात, तिच्यापुढे मग तीन वाटा असतात: गावी राहावे आणि नवऱ्याने अर्धा कोयता म्हणून जावे किंवा दुसरा जोडीदार शोधावा, पोटुशी असतानाच जाऊन फडावर बाळंत व्हावे, किंवा आठ-पंधरा दिवसांचे बाळ घेऊन टोळीबरोबर निघावे. पहिली वाट बाळाच्या हिताची खरी, पण तिने उचल फिटत नाही. बाकी अंगावर येते, आणि पुढच्या हंगामाची मान आताच त्या बाकीत अडकते.

शहरातले सुशिक्षित वाचक अशा आईला अजाण म्हणतील. ती अजाण नाही. गावात मागे राहायचे तर घरात कोण आहे, पाणी कोण आणील, मीठ-मिरचीला पैसा कोठून येईल, रात्री बाळ फणफणले तर दवाखान्यात कोण नेईल, हे प्रश्न तिने सगळे मनात फिरवून पाहिलेले असतात. सासू म्हातारी, थोरली मुले हंगामी वसतिगृहात किंवा बरोबर, नवरा चारशे किलोमीटरांवर. नवऱ्याजवळ निदान टोळीतल्या चार बायका तरी आहेत, असा तिचा विचार असतो, आणि त्यात तथ्य असते. तिचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटत असेल, तर तिच्यासमोर ठेवलेल्या पर्यायांची चूक आपण आधी दुरुस्त केली पाहिजे.

फडावर बाळाच्या वाट्याला काय येते ते पाहावे. बांबू, चटया आणि प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी, जिच्यात ताठ उभे राहता येत नाही. पहाटे तीन-चारला उठून चूल पेटते, तिचा धूर त्याच कोपीत. उजाडण्यापूर्वी तोडणी सुरू होते. बाळ झाडाला किंवा गाडीच्या दांडीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत, आणि झोळीला झोका द्यायला सहा-सात वर्षांची बहीण. मार्गशीर्ष-पौषात ओल्या उसात दव इतके असते की तोडणाराचे कपडे भिजतात. त्याच भिजल्या पदराने आई बाळाला जवळ घेते. ऊस तोडून, पाचट साळून, मोळी बांधून ती डोक्यावरून फळीवर चढत गाडीत टाकावयाची. गर्भाशय अजून पूर्वस्थितीवर आलेले नसताना हे ओझे उचलल्याने 'अंग बाहेर येणे', पांढरे जाणे, कंबर धरणे हे विकार जडतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा या दुखण्यांची चर्चा कोपीबाहेर आली. बाळंतपणातली न मिळालेली विश्रांती त्या दुखण्यांच्या मुळाशी किती आहे, हे कोणत्याही ऊसतोड बाईला विचारावे.

कायदे आहेत. प्रसूतिलाभाचा कायदा १९६१ साली झाला. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. कोयत्याची बाई प्रत्यक्षात या संरक्षणाच्या दाराबाहेर उभी आहे, कारण तिचा मालक कोण, कारखाना की मुकादम, याचे उत्तर कागदावर कोणी देत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क सांगितला. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. उचलीच्या आकड्यापुढे ही रक्कम ठेवली, म्हणजे सहा आठवडे घरी बसण्याचे मोल शासनाने किती कमी लावले आहे ते कळते. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. प्रत्येक टन उसामागे त्याच्यासाठी निधी घेण्याचे ठरलेले आहे. त्या निधीतून ओल्या बाळंतिणीच्या सहा आठवड्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई व्हावी, ही मागणी मला इतर सर्व मागण्यांच्या आधीची वाटते.

तोवर ज्यांना जाणे भागच आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नवऱ्याने टोळीबरोबर पुढे जावे आणि आईने शक्य तितके दिवस मागे राहून, नंतर कोणा बाईमाणसाच्या सोबतीने एस.टी.ने दिवसा जावे. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त निम्मे भाडे आहे, आणि तान्ह्या बाळाला तिकीट नाही. रात्रीच्या उघड्या ट्रॉलीपेक्षा हा खर्च सोसावा. टोळीबरोबरच निघावे लागले, तर मालमोटारीच्या केबिनमध्ये जागा मागावी, आणि मुकादमाने ती बिनबोभाट द्यावी. निघण्यापूर्वी बाळाला क्षयाची बी.सी.जी., पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-ब ची लस देऊन झालेली असावी. पुढच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत आहेत, त्या कोणत्याही गावच्या लसीकरणाच्या दिवशी विनामूल्य मिळतात, त्यासाठी तेथले रहिवासी असण्याची अट नाही. माता-बाल संरक्षण कार्ड हे या प्रवासातले सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र. ते पिशवीत तळाशी न ठेवता शिधापत्रिकेसोबत जवळ बाळगावे. अंगणवाडीताईंना जाण्याचे गाव सांगून ठेवावे: महिला व बालविकास विभागाने २०२१ च्या अखेरीस जालन्यासह काही जिल्ह्यांत स्थलांतरितांच्या नोंदीची पद्धत सुरू केली, ती याचसाठी, की येथला आहार तेथल्या अंगणवाडीत मिळावा. तळावर पोचताच जवळच्या उपकेंद्राचे ठिकाण आणि तेथल्या आशाताईंचा भ्रमणध्वनी क्रमांक विचारून घ्यावा. कोपीचे तोंड वाऱ्याच्या उलट बाजूस ठेवावे, चूल बाहेर मांडावी, आणि निदान सहा आठवडे पुरे होईतो बाळंतिणीला मोळी वाहण्याच्या कामावर पाठवू नये. साळण्या-बांधण्याचे काम तिला द्यावे आणि दर दोन-तीन तासांनी पाजायला उठू द्यावे. टोळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने दिवसभर कोपीवर राहून सगळ्या तान्ह्यांना सांभाळले आणि तिची मजुरी सर्वांनी वाटून दिली, तर सात वर्षांच्या मुलीच्या हाती झोळीची दोरी द्यावी लागणार नाही.

या प्रश्नाची एक बाजू कुंभार पिंपळगावच्या परिसराला विशेष लागू आहे. येथून माणसे ऊस तोडायला जातात, आणि येथे ती येतातही. अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे, घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरीला त्याच समूहाचा दुसरा. हंगामात त्यांच्यासाठी बाहेरच्या टोळ्या येऊन कालव्याच्या कडेला कोप्या बांधतात, आणि त्या कोप्यांतही नवजात बाळे असतात. सांगलीच्या परिचारिकेने आपल्या गावच्या बाळाचे वजन करावे अशी अपेक्षा धरताना, तीर्थपुरीच्या वाटेवरल्या कोपीतले बाळ आपल्या आशाताईंच्या वहीत आहे का, हेही विचारावे लागते.

यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. श्रावणातच आशाताईंच्या नोंदवहीत असते, की कोणाचे दिवस आश्विनात भरतात आणि कोणाचे कार्तिकात. श्रावणातच मुकादमाच्या वहीत असते, की कोणत्या कोयत्याला उचल गेली. २ ऑक्टोबरची ग्रामसभा दसऱ्याच्या तोंडावर येते. त्या सभेत या दोन वह्या शेजारी ठेवाव्यात. दोन्हींत ज्यांची नावे आहेत त्या बायकांची यादी करावी. त्यांच्या कोयत्याला सहा आठवड्यांची सवलत, उचलीवर खाडा न लावता, मुकादमाकडून लिहून घ्यावी. मागे राहणाऱ्या प्रत्येकीच्या घरी पाणी आणि किराणा पोचविण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी. आणि ज्या जाणार त्यांच्या नावांचे पत्र प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत त्या त्या कारखान्याच्या गावी धाडावे. दुसरे पत्र आपल्याच तालुक्यातल्या कारखान्यांना द्यावे, की कोणत्या तळावर किती टोळ्या उतरल्या ते कळवा. म्हणजे दर आठवड्याला एक दिवस ठरवून आशाताई वजनाचा काटा घेऊन त्या कोप्यांपर्यंत जातील.